मधलं सहा

क्रोमियम विषारी असतं का, असं विचारलं तर रसायनशास्त्र उलट विचारतं, कुठल्या ऑक्सिडेशन स्टेटमधलं? माणिक लाल आणि पाचू हिरवा दिसतो तो +३ मधल्या क्रोमियममुळे. +६ मधलं क्रोमियम, म्हणजे प्रयोगशाळेतलं ते देखणं नारिंगी डायक्रोमेट, कॅन्सरला कारण ठरतं. खरं तर हा नुसता हिशेब. बंधातले इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्या अणूच्या नावावर टाकायचे आणि उरलेली तूट मांडायची.

आपल्या पायातल्या बुटांचं चामडं बहुधा क्रोमियम सल्फेटने कमावलेलं असतं. त्यात क्रोमियम तीन. ओडिशातल्या सुकिंद्याच्या खाणीतून निघणाऱ्या क्रोमाइटमध्येही तीनच. पण क्रोमाइट पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते सोड्याबरोबर हवेत भाजून सहा करतात आणि नंतर मळीसारखं काहीतरी घालून पुन्हा तीनवर आणतात. गिटमध्ये पहिली आणि शेवटची आवृत्ती ताडून पाहिली, तर काहीच बदललेलं दिसणार नाही.

मधलं सहा मात्र कुठेतरी सांडतं. कानपूरजवळच्या रनियामध्ये अशा कारखान्यांचा कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला आणि तिथलं भूजल पिवळं झालं. क्रोमेटची ठेवण सल्फेटसारखी असल्याने पेशी त्याला बिनदिक्कत आत घेते. आत सहाचं तीन होतं, आणि डीएनएला इजा होते ती या उतरणीवरच. निरुपद्रवी होता होताच ते घात करतं.

युरोपात २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम सहा किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं. नियम चांगलाच आहे, पण तो बूट घालणाऱ्याची त्वचा तपासतो. रनियातला हातपंप त्या तपासणीत येतच नाही. मग ‘सुरक्षित’ हा शब्द वस्तूबद्दल असतो, की फक्त तिच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाबद्दल?

बूट घेतले म्हणून मी गुन्हेगार, असं मला वाटत नाही. इतकी लांब साखळी एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणं म्हणजे कारखानदाराला आणि नियंत्रण मंडळाला मोकळं सोडणं. पण माझा काही संबंध नाही, असंही मला म्हणता येत नाही, कारण बुटाची कमी किंमत मला मिळाली आहे. फेरस सल्फेट घातलं की सहाचं तीन होतं, हे पदवीच्या पुस्तकात असतं. उपाय माहीत होता. तो कुणीतरी खर्चात धरायला हवा होता, आणि तो धरला असता तर बुटाची किंमत थोडी वाढली असती.