पूजेचा अधिकार आणि अर्थनिर्णयाची नैतिकता

शिल्पाचा अर्थ लावणे ही निव्वळ ज्ञानात्मक कृती आहे, असे कलासमीक्षेत बहुधा गृहीत धरले जाते. अर्थ चुकला तर तो पुढे दुरुस्त करता येतो. त्यामुळे कोणाचे काही हिरावले जात नाही, असा या गृहीतकाचा आशय असतो. संग्रहालयातील मूर्तींच्या बाबतीत मात्र ते तपासून घ्यावयास हवे. मूर्ती कशाची आहे, या प्रश्नाच्या उत्तरातच ती कोणाच्या स्वाधीन असावी, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दडलेले असते. ‘दीदारगंज यक्षी’ या विख्यात शिल्पाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

हे शिल्प १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये पाटण्याजवळ दीदारगंज येथे गंगेच्या काठावर सापडले. चुनारच्या वालुकाश्मात घडविलेली, लखलखीत झिलईची ही स्त्रीमूर्ती जवळजवळ पुरुषभर उंचीची आहे. तिच्या उजव्या हातात चवरी आहे. डावा हात तुटलेला आहे. ग्रामस्थांनी ती बांबूंच्या आधाराने उभारलेल्या छताखाली स्थापन केली व तिची पूजा आरंभिली. ही वार्ता पाटण्यातील अभ्यासकांपर्यंत व अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली आणि लवकरच मूर्तीची रवानगी नव्याने स्थापन झालेल्या पाटणा संग्रहालयात झाली. पुरातत्त्वज्ञ डी. बी. स्पूनर यांनी १९१९ मध्ये या शिल्पाविषयी लिहिले. ही आकृती चामरधारिणीची, म्हणजे परिचारिकेची आहे. सबब ती पूजनीय देवतांमध्ये मोडत नाही, असा मूर्तीच्या स्थलांतरामागील युक्तिवाद होता.

या युक्तिवादाची घडण लक्षणीय आहे. येथे मूर्तिशास्त्रीय निरीक्षणातून थेट हक्कविषयक निष्कर्ष काढलेला दिसतो. हातातील चवरी हे दृश्य चिन्ह. परिचारिका हा त्याचा अन्वयार्थ. आणि पूजेस अपात्र, हा निवाडा. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाणे अभ्यासकाच्या अधिकारातील आहे. परंतु तिसरी पायरी त्या अधिकारात कशी येते? पूज्यत्व हा दगडाचा अंगभूत गुण नसून ते पूजकांच्या कृतीतून सिद्ध होते. शेंदूर फासलेला अनघड दगडही देव होतो, तेव्हा तेथे मूर्तिशास्त्राची अनुज्ञा कोणी मागत नाही.

पुढील संशोधनाने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. शिल्प ‘यक्षी’ म्हणून प्रसिद्धीस आले. आनंद कुमारस्वामी यांनी १९२८ व १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यक्षविषयक अभ्यासातून यक्षपूजेच्या प्राचीन लोकपरंपरेचे महत्त्व अधोरेखित झाले. शिल्पाचा काळही वादग्रस्त राहिला: काहींनी ते मौर्यकालीन मानले, तर काहींनी इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत अलीकडे आणले. म्हणजे ज्या अर्थनिर्णयाच्या बळावर मूर्ती पूजकांकडून घेतली गेली, तो ज्ञानाच्या क्षेत्रात पुनर्विचाराला खुला राहिला; त्याच्या व्यावहारिक परिणामाचा मात्र पुनर्विचार झाला नाही. २०१७ मध्ये यक्षी पाटणा संग्रहालयातून हलली, ती त्याच शहरातील बिहार संग्रहालयात गेली.

याच्या नेमके उलट उदाहरण तंजावर परिसरातील पत्तूर येथील नटराजाचे आहे. १९७६ मध्ये जमिनीतून निघालेली ही कांस्यमूर्ती चोरट्या मार्गाने लंडनला पोहोचली. तेथील खटल्यात दावेदारांमध्ये भग्न देवालय आणि त्यातील शिवलिंगही होते. १९८८ मध्ये निकाल देवालयाच्या बाजूने लागला, १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि मूर्ती भारतात परतली. दीर्घकाळ पडीक राहिलेल्या देवालयाचा हक्क एका परक्या न्यायालयाने मान्य केला. दीदारगंजच्या काठावर चालू असलेली पूजा मात्र मूर्तिशास्त्राच्या आधारे अग्राह्य ठरविली गेली होती. अर्थात एक वाद चोरीचा होता व दुसरा नव्हता, हा भेद दुर्लक्षिता येणार नाही. तरीही मूर्तीवरील हक्क ठरविताना श्रद्धेचा पुरावा कोणी, कोणत्या निकषावर तोलावा, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

संग्रहालयाच्या बाजूनेही सबळ युक्तिवाद आहे. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या प्रसिद्ध निबंधात कलाकृतीच्या पूजामूल्याकडून प्रदर्शनमूल्याकडे होणाऱ्या संक्रमणात मुक्तीची शक्यताही पाहिली होती. भारतीय संदर्भात ही शक्यता अमूर्त नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये ज्यांना प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या दृष्टीने तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आत घेणारे दालन हे देवळापेक्षा अधिक न्याय्य ठरू शकते. शिवाय संग्रहालयामुळे शिल्पाचे जतन झाले, हेही नाकारता येत नाही. परंतु हा युक्तिवाद दीदारगंजला जसाच्या तसा लागू करता येईल काय? नदीकाठच्या त्या तात्पुरत्या छताला गाभारा नव्हता, आणि तेथील पूजकांना मूर्ती नाकारण्यासाठी समतेचे नव्हे, तर मूर्तिशास्त्राचे कारण पुढे करण्यात आले होते.

म्हणून यक्षी पुन्हा गंगाकाठी नेऊन ठेवावी, असा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष निघतो तो अर्थनिर्णायकाच्या उत्तरदायित्वाचा. मूर्तीचा काळ, दगड आणि शैली यांची नोंद नामफलकावर होते, तशीच तिला देवता मानणाऱ्यांची आणि त्यांचा दावा कोणत्या कारणाने फेटाळला गेला, याची नोंदही तेथे व्हावयास हवी. काठावर झालेली पूजा हीदेखील त्या शिल्पाच्या ग्रहणाच्या इतिहासातील एक घटना आहे. ती वगळून केलेले शिल्पाचे वर्णन कितीही सूक्ष्म असले, तरी त्यात पहिल्या ग्रहणकर्त्यांचे वाचन अनुल्लेखाने मारलेले असते.