घर कुणी सोडायचे?

कांद्याच्या हंगामात नामपूरच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टर आणि ट्रकांची रांग लागते. व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर बायका दिवसभर कांदा निवडतात. त्यांत आमच्या मोहल्ल्यातल्याही असतात. माल गोणीत भरून ट्रकवर चढला की त्यांचे काम संपते. पुढचा रस्ता पुरुषांचा. बाई चालवते आहे असा मालट्रक आम्ही आमच्या गावात आजतागायत पाहिलेला नाही. त्यामुळे 'मन के मंजीरे' हे गाणे टीव्हीवर लागले आणि त्यात मीता वशिष्ठ ट्रक चालवताना दिसली, तेव्हा चहाच्या दुकानातली मंडळी आधी हसली आणि मग गप्प बसून पाहू लागली. ते हसणे आम्हाला चांगले आठवते, कारण हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

हा अल्बम २००० सालचा. मल्लिका दत्त यांच्या 'ब्रेकथ्रू' या मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संस्थेने तो काढला. गीते प्रसून जोशी यांची, संगीत शंतनू मोइत्रा यांचे आणि आवाज शुभा मुद्गल यांचा. याच तिघांचे 'अब के सावन' त्या सुमारास घरोघर वाजत होते. पॉप म्हणजे प्रेम आणि पाऊस, असे समीकरण असण्याच्या काळात एक अख्खी कॅसेट बाईच्या स्वप्नांवर काढणे धाडसाचेच होते. खरे सांगायचे तर उपदेशाची गाणी आम्हाला सोसत नाहीत. साक्षरता मोहिमेच्या दिवसांत अशी पुष्कळ ऐकली आणि विसरलोही. ही गाणी कानात राहिली ती ख्यालगायकीत मुरलेल्या त्या भरदार आवाजामुळे.

शीर्षकगीतामागे गुजरातमधल्या एका मुस्लिम बाईची हकिगत आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती घराबाहेर पडली, गाडी चालवायला शिकली आणि त्यावर पोट भरू लागली. तिचे नाव छापून आलेले आहे. पण आपला मार गावभर व्हावा असे कोणत्या बाईला वाटेल? म्हणून आम्ही ते इथे लिहीत नाही. चित्रफितीत तिच्या जागी मीता वशिष्ठ आहे, मागे हौद्यात बायका आहेत, आणि रस्ता मोकळा आहे.

हा रस्ताच आम्हाला नवा वाटला. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या पाहा. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. त्या दुनियेत बाईला ठिकाणे दोनच, सासर आणि माहेर. सासरी जाच असला तरी भाऊ मुऱ्हाळी होऊन येईल, चार दिवस घेऊन जाईल, ही आशा. चार दिवस संपले की पुन्हा सासर. आपल्या घरातल्या बायकांचेही याहून निराळे नव्हते. भावाला भाईजान म्हटले एवढाच फरक. 'मन के मंजीरे'ने या दोन ठिकाणांत तिसऱ्याची भर घातली आणि ती आम्ही मनापासून मानली.

त्याच अल्बममध्ये 'बाबुल' आहे. त्यात मुलगी बापाला विनवते की, मला सोनाराच्या घरी देऊ नका, दागिन्यांची हौस नाही. राजाच्याही घरी नको. द्यायचेच तर लोहाराच्या घरी द्या, तो माझ्या बेड्या वितळवील. रुखसतीची गाणी आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या चालीत हे मागणे आम्ही कधी ऐकले नव्हते. यात एक पुरुष आहे आणि त्याला काम सांगितले आहे, हे आम्हाला विशेष वाटते. शीर्षकगीतात पुरुष कुठेच नाही. तो गाण्याबाहेर राहिला आहे, म्हणजे घरात.

हे आमच्या लक्षात आणून दिले ते आमच्या फुफूच्या मुलीने. आम्ही तिला आपा म्हणतो. तिचे सासर गावातच, मोसमच्या बाजूला. ते घर बांधताना तिने भिंतींना पाणी मारले होते. नवरा हात उचलायचा. गोष्ट वाढली तेव्हा आमच्याच ओसरीवर बैठक बसली. पाच-सहा बुजुर्ग, दोन्हीकडचे मामू, चाचा आणि एका कोपऱ्यात आम्ही. आपा आत अम्मीजवळ होती. तिला कुणी बाहेर बोलावले नाही. ठरले असे की, तिने काही दिवस भावाकडे राहावे, म्हणजे वातावरण थंड होईल. एक पेटी आणि दोन मुले घेऊन ती आली. तलाक झाला नाही, खुला झाला नाही, बोलावणेही आले नाही. वर्षाच्या आत त्याने दुसरा निकाह केला. त्या वलीम्याला आम्ही जेवलो. नाते गावातले, नाही कसे म्हणायचे, असे तेव्हा आम्ही स्वतःला सांगितले.

मालेगावहून ही कॅसेट आणून आम्ही मोठ्या उत्साहाने आपाला ऐकवली. तिच्यासारखीचीच कथा आहे म्हणून सांगितली, टीव्हीवरच्या ट्रकचे वर्णन केले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "वो ट्रक किसका है रे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तिला गाणे आवडले नाही असे नव्हे. पुढे कितीतरी दिवस ती ते गुणगुणत असे. पण तिचा सवाल मालकीचा होता. रस्त्याला लागायचे तर वाहन लागते, ते कुणाच्या तरी नावावर असते. आणि मुळात, मार खाल्ला तिने, तर रस्त्याला तिनेच का लागायचे? ज्याने मारले तो त्याच ओट्यावर बसून आल्यागेल्याला चहा पाजतो. ही न्यायाची कुठली रीत?

उत्तर शोधायला आम्हाला फार दूर जावे लागले नाही, याचीच शरम वाटते. सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत सांगितले आहे की, इद्दतीच्या काळात स्त्रियांना त्यांच्या घरांतून बाहेर काढू नये. उघड बदचलनीचा अपवाद सोडला तर त्यांनीही बाहेर पडू नये. शब्द 'त्यांच्या घरांतून' असा आहे. नवऱ्याने बांधलेले, नवऱ्याच्या नावावरचे घर, आणि तलाकच्या घडीलाही ते तिचे म्हटले आहे. याच सूरहच्या सहाव्या आयतीत, तुम्ही राहता तिथे ऐपतीप्रमाणे त्यांना ठेवा आणि त्यांचे जिणे कठीण करण्यासाठी त्यांना त्रास देऊ नका, असा हुकूम आहे. ही मुदतीपुरती सोय आहे, कायमची मालकी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण तलाक दिलेलीलाही ज्या काळात काढायचे नाही, त्या काळाची आमच्या बैठकीत आठवण निघाली नाही. आणि आपाला तर तलाकही झाला नव्हता.

आपल्या समाजातला वाद मात्र गेली साठ वर्षे शब्दाभोवती फिरत राहिला. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, तेव्हापासून तलाक एका दमात की तीन तुहरांत, यावर आपण भांडलो. ते भांडण आवश्यकच होते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद लावली. त्या कायद्यात निर्वाहभत्ता आहे, मुलांचा ताबा आहे. घरात कोण राहणार याबद्दल एक ओळ नाही.

ती ओळ दुसरीकडे आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे, हे आपल्याकडे अजून अनेकांना ठाऊक नसते. त्याच्या कलम १७ प्रमाणे घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. कलम १९ प्रमाणे मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जाण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. सासूला किंवा नणंदेला मात्र असे बाहेर काढता येत नाही. सासू-सासऱ्यांच्या नावावरचे घर सुनेला लागू नाही, असा निकाल काही वर्षे आडवा आला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला सारला. आपाला हे सारे उशिराचे.

कुणी म्हणेल की, मारकुट्या माणसाशेजारी राहण्यापेक्षा रस्ता बरा. बरोबर आहे. त्या गुजरातच्या बाईने उंबरा ओलांडला नसता तर ती कदाचित जिवंत राहिली नसती. तिला दोष देणे आमच्या मनातही नाही, आणि एका गाण्याने सगळेच प्रश्न सोडवावेत अशी मागणीही नाही. आमचे गाऱ्हाणे आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांशी आहे. तिचे बाहेर पडणे पाहून आमचे डोळे ओले झाले, टाळ्या वाजवून झाल्या आणि आत बसलेल्याला आम्ही काही विचारले नाही. विचारण्याची गरज पडली नाही, कारण ती निघून गेली होती आणि भांडण मिटले होते. माहेरचे घर तरी कुठे तिचे होते? मुलाच्या निम्मा वाटा मुलीचा, हे कुरआनने ठरवून दिले आहे. तरी भावाशी वाईटपणा नको म्हणून आपल्या किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून देतात! आपानेही दिली होती. त्याच भावाच्या घरात तिचे 'काही दिवस' अजून चालू आहेत.

अलीकडे मोहल्ल्यात असेच दुसरे प्रकरण आले. पुन्हा बैठक, पुन्हा बुजुर्ग. आता आम्हीही त्यांतच मोडतो. मुलीने काही दिवस माहेरी जावे, असे एकाने सुचवले. या वेळी आम्ही तोंड उघडले आणि म्हटले की, काही दिवसांसाठी मुलगाच बाहेर राहू द्या, मुलगी आणि तिचे लेकरू घरात राहील. आयतीचा आधार सांगितला, कायदाही सांगितला. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मुलाचे मामू म्हणाले, "मगर लडका जाएगा कहाँ?"

सगळ्यांना हा प्रश्न रास्त वाटला. त्याच्यासाठी मालेगावच्या बहिणीचे घर, शेतातली खोली, मित्राचे दुकान, अशी एकेक जागा सुचवून झाली आणि एकेक नाकारली गेली. त्यात अर्धा तास गेला. आपाच्या वेळी अर्धे मिनिटही लागले नव्हते.

मुलगी सध्या भावाकडे आहे. तिची शिलाई मशीन त्या घरातच राहिली आहे. ती आणायची की मुलीलाच मशीनकडे परत पोहोचवायचे, यावर येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर पुन्हा बसायचे ठरले आहे. या खेपेला मुलीला बैठकीत बसवावे, असे आम्ही सुचवले आहे.