मालकी की राखण?

एखादी वस्तू आपणांस मनापासून आवडली, एवढ्यावरून ती आपली करून घेण्याचा अधिकार आपणांस मिळतो काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु रोजच्या जीवनात बहुधा आपण विचार न करताच त्याचे उत्तर देऊन मोकळे होतो. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, धारगळच्या परिसरात, हा प्रश्न दर वर्षी पावसाच्या तोंडावर झाडांवर फुलून येतो.

मेअखेरीस जुन्या आंब्याफणसांच्या फांद्यांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे सुगंधी घोस खाली लोंबू लागतात. हीच सीतेची वेणी. आसामचे हे राज्यफूल असून तेथील स्त्रिया बिहूच्या सणात ते केसांत माळतात. पन्नासाव्या दिवसाचा सण याच सुमारास येतो, आणि उपासनामंदिर सजविण्यासाठी कोणीतरी सबंध रोपच ओरबाडून आणतो. हेतू वाईट नसतो. परंतु मग ते रोप कुंडीतील मातीत पुरले जाते, त्याला रोज पाणी घातले जाते, आणि मुळे कुजून ते मरून जाते.

कारण ही वनस्पती मातीत वाढणारी नव्हे. कित्येक जण तिला बांडगूळ समजतात, तेही खरे नाही. बांडगूळ झाडाच्या लाकडात शिरून त्याचा रस शोषते. ही मात्र सालीवर नुसती टेकून राहते. तिच्या जाड मुळांवर स्पंजासारखे आवरण असते, त्यातून ती पावसाचे पाणी टिपून घेते. तिचे बी धुळीसारखे बारीक असून त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीचे साहाय्य मिळाले तरच ते रानात रुजते, आणि पहिले फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. उपटावयास मात्र एक क्षण पुरतो.

अहाब राजाची गोष्ट आपण जाणतो (१ राजे २१). नाबोथाचा द्राक्षमळा त्याला आवडला यात पाप नव्हते. त्याने मोबदलाही देऊ केला होता. परंतु जे आवडले ते आपले नाही, हे त्याला सोसवेना; आणि तेथून रक्तपातापर्यंतची वाट फार लांब नव्हती. कोणी म्हणेल, देवाने मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिली आहे. होय, दिली आहे. पण त्या सत्तेचे पहिले काम कोणते? बागेची मशागत व राखण (उत्पत्ति २:१५). राखणदार मालक नसतो. त्याला हिशेब द्यावा लागतो.

मग फुलाला हातच लावू नये काय? येथे प्रश्न अवघड होतो. मोपा विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले. त्याच्यासाठी आणि महामार्गाच्या रुंदीकरणासाठी पेडण्यात पुष्कळ झाडे पडली. पाडलेल्या फांदीवर वेणी असेल तर ती लाकडाबरोबर वाळून जाणार. अशा वेळी मालकास विचारून ती उचलणे हीच राखण होय. मात्र रानातून उपटून आणलेली रोपे विक्रेत्याकडून विकत घेणे ही सुटका नव्हे. आपल्या पैशाने उद्या आणखी एक झाड उघडे होईल. रोपवाटिकेत वाढविलेले रोप घ्यावे.

उचललेल्या रोपाची काळजी कठीण नाही. खरबरीत सालीच्या झाडावर, विरळ सावलीत, ते काथ्याच्या दोरीने घट्ट बांधावे. माती लावू नये. कोरड्या दिवसांत सकाळी पाणी शिंपडावे. पावसाळ्यात ते पावसाच्या स्वाधीन करावे. हळूहळू नवी मुळे सालीला धरतात, दोरी कुजून गळते, आणि रोपाला आपली गरज उरत नाही. आपली गरज उरू नये अशी काळजी घेणे, हीच खऱ्या प्रीतीची कसोटी नव्हे काय?

विल्यम कॅरीने १८११ साली बंगालमधील सेरामपूरहून मराठी नवा करार प्रसिद्ध केला. त्याच हातांनी त्याने तेथे वनस्पतींची बागही जोपासली; आपल्या कोकणातील कुंभा वृक्षाच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आजही आहे. त्याला वचनाची सेवा आणि झाडांची राखण परस्परविरोधी वाटली नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की येत्या बहरात मुलांना त्या झाडाखाली न्यावे. फुले पाहू द्यावीत, वास घेऊ द्यावा, आणि वेणी तेथेच ठेवून परतावे. आपणही स्वतःस तपासावे. आपली मुले, आपल्या वर्गातील विद्यार्थी, मंडळीत नव्याने आलेला विश्वासी, यांना आपण दोरीने आधार देत आहोत, की आपल्या कुंडीत पुरत आहोत? ती आपल्या हाती सोपविलेली आहेत, पण आहेत प्रभूची. हे ओळखून राखण करण्याची कृपा तो आपणांस देवो.