पाचशे मुलं आणि एक मुलगा

सहा वर्षांच्या एखाद्या मुलाबद्दल 'हा पुढे गुन्हेगार होणार' असं आकडेवारीच्या आधारे सांगता येत असेल, तर ते सांगावं का? प्रश्न सिनेमातला वाटेल, पण तो एकदा खरोखरच उभा राहिला होता.

शेल्डन आणि एलेनॉर ग्लुक हे जोडपं अमेरिकेत हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये बालगुन्हेगारीचा अभ्यास करत होतं. त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या सुधारगृहांमधली 500 मुलं निवडली आणि बॉस्टनच्या सरकारी शाळांमधली, गुन्ह्याची नोंद नसलेली 500. वय, बुद्ध्यांक, वंश आणि वस्ती पाहून एकास एक जोड्या लावल्या. घरी जाऊन मुलाखती घेतल्या, शिक्षकांना विचारलं, पोलिसांच्या नोंदी तपासल्या. 1950 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सारख्याच गरीब वस्तीत वाढलेल्या मुलांमध्ये मोठा फरक दिसला तो घरात: वडिलांची शिस्त, आईचं लक्ष, दोघांची माया, कुटुंबाचा एकोपा.

इथवर हे ज्ञान होतं. पण ग्लुक दांपत्याने या गोष्टींना गुण देऊन भाकिताचा तक्ता तयार केला, आणि 1950च्या दशकात न्यूयॉर्कच्या युवा मंडळाने तो ब्राँक्समधल्या पहिलीच्या मुलांवर तपासून पाहायला घेतला.

यातली अडचण साध्या गणिताने कळते. समजा, हजार मुलांपैकी 50 पुढे गुन्ह्यांकडे वळणार आहेत आणि आपली चाचणी 90 टक्के अचूक आहे. ती त्या 50 पैकी 45 जणांना ओळखेल. पण उरलेल्या 950 निर्दोष मुलांपैकी 95 जणांवरही तोच शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या 140 मुलांमध्ये 95 जणांनी काहीच केलेलं नसेल, पुढेही करणार नसतील. ग्लुकांच्या नमुन्यात निम्मी मुलं गुन्हेगार होती. खऱ्या वर्गात तसं प्रमाण कधीच नसतं.

आणि शिक्का नुसता कागदावर राहत नाही. वर्गात काही हरवलं की आधी कोणाचं दप्तर उघडलं जाईल?

मग असली सर्वेक्षणं बंदच करावीत का? नाही. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली गेली. चोरी केलीस का, तोडफोड केलीस का, मारामारी केलीस का, हे थेट त्यांनाच विचारलं. ट्रॅव्हिस हिर्शी यांनी 1969च्या पुस्तकात हीच माहिती वापरली. पोलिसांच्या नोंदींत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांमध्ये मोठी दरी होती. मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत ती बरीच अरुंद झाली. म्हणजे पोलिसांचं दफ्तर मुलांच्या वागण्याइतकंच पोलिसांच्या वागण्याबद्दलही बोलत होतं. हे कळायला सर्वेक्षणच लागलं. एका समूहावरचा आळ त्याने सैल केला.

तोच आकडा आळ सैल करू शकतो आणि नवा आळही घेऊ शकतो. कशाने ठरतं हे? माझ्या मते, आकडा कोणाकडे तोंड करून उभा आहे यावरून. 'कोणत्या वस्तीत आईबापांना आधार हवा, पोलीस कोणाला जास्त पकडतात' असं तो व्यवस्थेला विचारत असेल, तर ते न्यायाचं काम आहे. तोच आकडा एका मुलाकडे वळून 'तू असाच निघणार' म्हणाला, की ज्ञानाचा निवाडा होतो. तोही गुन्ह्याच्या आधी आणि बचावाची संधी न देता.

ग्लुकांची कागदपत्रं पुढे हार्वर्डच्या तळघरात खोक्यांमध्ये पडून होती. 1980च्या दशकात जॉन लाउब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी ती बाहेर काढली. नंतर त्यांनी सुधारगृहातल्या त्या जुन्या मुलांपैकी 52 जणांना शोधून काढलं. ते आता म्हातारे झाले होते. त्यांच्या मुलाखतींचं पुस्तक 2003 साली आलं. सारख्याच वाईट सुरुवातीतून कोणी आयुष्यभर तुरुंगाच्या वाऱ्या केल्या, तर बरेच जण थांबले. कोणाला लग्नाने सावरलं, कोणाला नोकरीने, कोणाला सैन्याने. कोण थांबेल हे त्यांच्या बालपणावरून सांगता येत नव्हतं.

पाचशे मुलांचं सत्य पाचशेंचं असतं. त्यातल्या एकाबद्दल बोलायचं असेल, तर त्याचं आयुष्य जगून होईपर्यंत थांबावं लागतं. तोवर त्याला संशयाचा फायदा देणं ही दया नाही, ते त्याचं देणं आहे.