चालता संगणक मोडीत काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट थांबवला. त्यामुळे कोणाचा संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही दुकानांतली बिलं निघाली, कचेऱ्यांतली पत्रं छापली गेली. बदललं ते एवढंच, की या प्रणालीत यापुढे जी सुरक्षेची भोकं सापडतील ती कंपनी सर्वांसाठी आपणहून बुजवणार नाही. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून निर्णय अवघड जातो. काही जण घाबरून नवा लॅपटॉप घेतात; बरेच जण ‘चाललंय ना’ म्हणत विषय सोडून देतात.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आलं. विंडोज १० असलेल्यांना ते मोफत मिळतं, पण प्रत्येक यंत्रावर ते चढत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते; माहिती कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या ती वेगळ्या जपून ठेवते. इंटेलचा प्रोसेसरही साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतर आलेला हवा. त्यामुळे २०१६ साली चांगले पैसे मोजून घेतलेला, आजही विनातक्रार चालणारा संगणक बाद ठरतो. सपोर्ट थांबवण्याच्या निर्णयापायी जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३च्या अखेरीस मांडला होता.

मग जुन्यावरच राहिलं तर काय बिघडतं?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याचं उत्तर दिलं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्रोग्राम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. बळी पडलेल्या यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ची होती आणि त्या प्रणालीचा सपोर्ट तेव्हा चालू होता. दुरुस्ती हाताशी होती, ती बसवलेली नव्हती. आता विंडोज १०च्या बाबतीत बसवायला दुरुस्तीच नसेल, तर धोका त्याहून मोठा आहे.

पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीला भोवला. तिच्या समूहाकडे असलेलं, आपल्या न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनल त्यात विस्कळीत झालं. एका संगणकाची लागण दुसऱ्याला होते, म्हणून नेटला जोडलेलं असुरक्षित यंत्र ही केवळ मालकाची खासगी बाब राहत नाही.

घाईने नवं घेणंही निर्धोक नसतं. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फायलीच पुसल्या. कंपनीला तो थांबवावा लागला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले आणि भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बॅकअप आधी, अपग्रेड नंतर, हा क्रम कधीही मोडू नये.

मराठी प्रकाशन व्यवसायाला हा प्रश्न अधिक बोचतो. वर्षानुवर्षं पुस्तकं आणि दिवाळी अंक पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रामवर, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये जुळवले गेले. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधला तो मजकूर योग्य फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. अशा डीटीपीवाल्याला ‘जुनं टाकून द्या’ सांगणं अन्यायाचं आहे. त्याने ते यंत्र ठेवावं, पण त्याचं इंटरनेट काढावं, आणि जुना मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणावा.

इतरांसाठी तीन वाटा आहेत. यंत्र पात्र असेल तर विंडोज ११ घ्यावं. पात्र नसेल तर वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची सुरक्षा-मुदतवाढ घेता येते: मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडून मोफत, नाहीतर ३० डॉलरमध्ये. तिसरी वाट लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची. केरळच्या सरकारी शाळांत मुलं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. तेव्हा आपलं काम कोणत्या प्रोग्रामवर अडतं, हे आधी पाहावं. ब्राउझर, ईमेल आणि मराठी टंकलेखन एवढंच काम असेल, तर दहा वर्षं जुना संगणकही लिनक्सवर चांगला चालतो. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला मात्र विंडोजच लागतं.

ज्या यंत्रातून बँकेचे व्यवहार होतात किंवा ज्यात रुग्णांची, विद्यार्थ्यांची माहिती आहे, ते सपोर्टविना नेटवर ठेवू नये. पण सगळा भार वापरणाऱ्यानेच का उचलायचा? तारीख कंपनी ठरवते. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथल्या लोकांना ही मुदतवाढ सेटिंगच्या बॅकअपची अट न घालता मोफत मिळाली. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी इथेही ती मागणी लावून धरावी. शाळा, सहकारी बँका आणि ग्रामपंचायतींनी यापुढे संगणकाच्या निविदेत एक अट घालावी: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळतील, ते विक्रेत्याने लेखी द्यावं.