डॅशबोर्डमागचा माणूस

गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टेप बसवायची जी चौकोनी जागा असते, तिचं माप ठरलेलं आहे. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. दुप्पट उंचीची असेल तर १८० बाय १००. दुकानात ज्याला 'सिंगल डिन' आणि 'डबल डिन' म्हणतात ते हेच. 'डिन' ही मानकं ठरवणाऱ्या जर्मन संस्थेच्या नावाची आद्याक्षरं; पुढे हे माप आयएसओ ७७३६ या नावाने जगभर गेलं. (टेप हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कॅसेट गेली, सीडी आली आणि तीही गेली, आता नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसते. पण सावनेरात अजूनही माणूस दुकानात जाऊन 'टेप बसवायचा आहे' असंच म्हणतो.)

मला हे माप फार सभ्य वाटतं. गाडी बनवणाऱ्याला माहीत नसतं की दहा-पंधरा वर्षांनी कोण, कुठल्या गावात, कुठल्या कंपनीचा टेप त्यात बसवणार आहे. तरी त्याने त्या अनोळखी माणसासाठी नेमकी जागा ठेवलेली असते. हल्लीच्या नव्या गाड्यांमध्ये कंपनी स्वतःच्याच आकाराची स्क्रीन डॅशबोर्डमध्ये मुरवून टाकते, त्यामुळे ही सभ्यता कमी होत चालली आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत ती अजून शिल्लक आहे.

टेप नीट बसलाय की नाही, हे आपण समोरून ठरवतो. फ्रेम आणि डॅशबोर्डमध्ये फट नाही, रंग जुळतोय, बटणं तिरकी नाहीत, खड्ड्यातून गेलं तरी खडखड नाही. एवढं झालं की आपण खूश. पण या कामाचा समोरचा भाग म्हणजे प्लास्टिकची फ्रेम आणि चार स्क्रू. खरं काम मागे असतं. बाजारातल्या टेपमधून बाहेर येणाऱ्या वायरींचे रंग साधारण ठरलेले असतात: पिवळी थेट बॅटरीची, कायम १२ व्होल्टची; लाल चावी फिरवल्यावर जिवंत होणारी; काळी अर्थची. मग चार स्पीकरांच्या चार जोड्या: पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येक जोडीत काळ्या पट्ट्याची वायर निगेटिव्ह. गाडीच्या बाजूने येणाऱ्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. हे दोन संच जुळवायचे दोन मार्ग आहेत. एक, त्या गाडीसाठी मिळणारा कपलर आणायचा आणि प्लग लावल्यासारखा मध्ये लावायचा. दुसरा, गाडीचा मूळ कपलर कटरने छाटून टाकायचा, वायरी दाताने सोलायच्या, एकमेकींना पीळ मारायचा आणि वर काळी टेप गुंडाळायची. समोरून दोन्ही कामं हुबेहूब सारखी दिसतात. पहिल्या दिवशी आवाजही सारखाच येतो.

फरक पडतो तो मे महिन्यात. नागपूर भागात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आतला ताप त्याहून कितीतरी जास्त असतो. काळ्या टेपचा डिंक त्या उष्णतेत पातळ होतो, टेप सरकते, पीळ उघडा पडतो. त्यात कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असलेल्या रस्त्यांचे हादरे. मागून आधार न दिलेला टेप नुसत्या फ्रेमवर लोंबकळत असतो आणि त्याच्या वजनाने वायरी ओढल्या जातात. एक उघडी वायर लोखंडाला लागली की फ्यूज जातो, आणि आधीच्या कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवलेली असेल तर फ्यूज जात नाही, वायर पेटते. शिवाय आता मामला फक्त गाण्यांचा राहिलेला नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांना चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे, आणि तिच्या वायरी त्याच डॅशबोर्डच्या आतून जातात. त्यांना पिवळं आवरण किंवा पिवळा कनेक्टर देण्याची पद्धत आहे, ती कुणीतरी घाईत कटर चालवू नये म्हणून.

मग प्रश्न असा: जे काम कधीच कुणी बघणार नाही, ते नीट का करायचं?

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्या गायजीसला एक अंगठी सापडते, जी फिरवली की माणूस अदृश्य होतो. तो राजवाड्यात शिरतो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. ग्लॉकन विचारतो की अशी अंगठी मिळाली तर कोणता माणूस सरळ राहील? आणि राहिलाच, तर लोक त्याला मनातल्या मनात मूर्खच म्हणतील ना? टेप बसवणाऱ्यासाठी डॅशबोर्ड ही रोज मिळणारी अंगठी आहे. फ्रेम खटकन बसली की त्याचं काम अदृश्य.

याचं नेहमीचं उत्तर आत्म्याकडे जातं. देव बघतो, मन खातं, चांगल्या कामाचं समाधान मिळतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. वायरी छाटून, काळी टेप गुंडाळून रात्री गाढ झोपणारी माणसं भरपूर आहेत. त्यांचं मन खात नाही म्हणून काम बरोबर ठरत नाही. आणि 'कामाचा आनंद' हे कारण पुढे केलं की नीट काम हा एक छंद होऊन बसतो; ज्याला हौस आहे त्याने करावं.

दुसरं उत्तर बाजाराचं. नीट काम करणाऱ्याचं नाव होतं, गिऱ्हाईक परत येतं. काही अंशी हे खरं आहे. जर्मनीतली एक रेडिओ कंपनी सुरुवातीला हेडफोन विकायची. तपासून चांगल्या निघालेल्या हेडफोनवर ती एक निळा ठिपका लावायची. लोक दुकानात जाऊन 'निळा ठिपका द्या' असं म्हणू लागले आणि शेवटी कंपनीने नावच 'ब्लाउपुंक्ट' म्हणजे निळा ठिपका करून घेतलं. १९३२ साली तिने गाडीत बसणारा रेडिओही काढला. पण हा ठिपका लावणारी कंपनी मोठी होती. डॅशबोर्डच्या आत कोण ठिपका लावणार, आणि तो कोण वाचणार?

इथे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफचा १९७० सालचा निबंध आठवतो. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. (आपण लिंबू गाडीला बाहेरून बांधतो, त्यांच्याकडे गाडीच लिंबू.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गिऱ्हाइकाला चांगली आणि वाईट जुनी गाडी ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगली गाडी बाजारातून निघून जाते आणि लिंबं उरतात. या आणि अशा कामासाठी त्याला २००१ साली नोबेल विभागून मिळालं. टेपच्या बाबतीत हे अक्षरशः घडतं. कपलर लावून, वायर झाळून, वर हीट श्रिंकची नळी चढवून देणारा काही शे रुपये जास्त आणि दोन तास मागतो. शेजारचा अर्ध्या तासात करून देतो. समोरून दोन्ही सारखे. आपण कुणाकडे जातो? 'एवढ्याशा कामाचे एवढे?' हे वाक्य म्हणणारे आपणच असतो. म्हणजे त्या काळ्या टेपचे काही वेटोळे गिऱ्हाइकानेही घातलेले असतात.

स्वस्त काम करणं हा गुन्हा नाही, हे इथे म्हणायला हवं. सगळ्यांकडे सारखे पैसे नसतात. पण स्वस्त काम आणि झाकलेलं काम यांत फरक आहे. 'एवढ्या पैशांत वायर कापून जोडीन, कपलर हवा तर इतके जास्त लागतील' असं सांगून जो कापतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. जो न सांगता कापतो आणि वर चकचकीत फ्रेम लावतो, त्याचं काम मला खोटं वाटतं. सावनेर हे नाव मराठी साहित्यात राम गणेश गडकऱ्यांमुळे येतं. २३ जानेवारी १९१९ ला ते इथेच वारले. त्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं. ते अपुरं म्हणूनच छापलं जातं, अपुरं म्हणूनच वाचलं जातं, आणि त्यासाठी कुणी त्यांना बोल लावत नाही. अपुरेपणात लबाडी नसते. ती अपुरेपणावर फ्रेम बसवण्यात असते. आपल्याकडे मात्र 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे कौतुकाने म्हटलं जातं.

मला पटणारं उत्तर पुस्तकात नाही मिळालं. मी घेतलेली जुनी वॅगनआर रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी उतरायची आणि मागचा डावा स्पीकर मनाला येईल तेव्हा वाजायचा. सावनेरातल्या एका मेकॅनिकने टेप बाहेर ओढला आणि मागे वळून म्हणाला, "भाऊ, इथं तर पूरा खिचडा करून ठेवला आहे." मूळ कपलर गायब होता. लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनला मारली होती, म्हणजे चावी काढली तरी टेप जागाच. स्पीकरच्या आठ वायरींवर एकाच रंगाची टेप, त्यामुळे कोणती कुठे जाते याचा पत्ता नाही. त्याने दीड व्होल्टचा सेल घेतला, दोन-दोन वायरींना टेकवला आणि मी दारापाशी कान लावून कुठला स्पीकर खर्र करतो ते सांगत बसलो. यातच तासभर गेला. आधीच्याने वाचवलेली दहा मिनिटं आम्ही दोघांनी व्याजासकट फेडली.

मग त्याने विचारलं, "नवीन कपलर लावून देऊ का डायरेक्ट मारू? आवाज सेमच येते." मी म्हटलं कपलर लावा, आणि तो एकेका वायरीवर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवून पेनाने लिहायला लागला: 'मा. डा.', 'पु. उ.'. मागचा डावा, पुढचा उजवा. मी म्हटलं दादा, हे कोण वाचणार? तो म्हणाला, "तुम्ही नाही पाहणार. पन याच्यानंतर जो खोलन, तो मले शिव्या देईन ना."

या वाक्यात देव नाही, आत्मा नाही, धंदाही नाही. तो पुढचा माणूस त्याच्या दुकानात येईलच असं नाही. ही गाडी उद्या सौंसरला किंवा पांढुर्ण्याला विकली जाईल आणि तिथला कुणीतरी पोरगा डॅशबोर्ड उघडेल. सौदा ठरतो तेव्हा तिथे दोघेच असतात, पैसे देणारा आणि काम करणारा. तिसरा हजर नसतो. त्याला घासाघीस करता येत नाही, तक्रार करता येत नाही, आणि त्या वायरींशी झटापट मात्र त्यालाच करावी लागते. ग्लॉकनच्या गोष्टीत मला हाच माणूस दिसत नाही. अंगठीने गायजीस दिसेनासा होतो, पण राजा मरायचा राहत नाही. काम अदृश्य असलं म्हणून त्याचा परिणाम अदृश्य नसतो; तो फक्त उशिरा आणि भलत्याच माणसाला दिसतो.

म्हणून वायर कापण्याबद्दल माझी तक्रार धोक्यापुरती नाही. चांगलं झाळून, नीट नळी चढवूनही मूळ कपलर छाटता येतो, आणि ते काम सुरक्षितही असू शकतं. पण छाटलं की परतीची वाट बंद. कपलर लावलेला असेल तर उद्याचा मालक एक प्लग काढून जे हवं ते लावू शकतो. त्याला काय हवं असेल हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच त्याच्या वतीने कायमचं काही ठरवू नये. इमारतीच्या भिंतीत नळ पुरणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे, सातबाऱ्यावर नोंद करणारे, सगळ्यांना हे लागू पडतं, पण तिकडे मी आत्ता जात नाही.

एक अडचण उरते. या तिसऱ्या माणसाचे पैसे कोणी द्यायचे? मेकॅनिकने आपला वेळ दिला, मी कपलरचे पैसे दिले, आणि ज्याला फायदा होणार तो फुकटात. हे अन्यायाचं वाटतं खरं. पण माझ्या गाडीतला तो १८० बाय ५० चा चौकोनही कुणीतरी फुकटच ठेवलेला होता.

गाडी पुढच्या वर्षी काढायचा विचार आहे. घेणाऱ्याला मी सांगेन की टेप कपलरवर आहे, वायरींवर नावं लिहिली आहेत. तो मान डोलावेल, टायरला एक लाथ मारून बघेल आणि विचारेल, "अ‍ॅव्हरेज किती देते?"