शेजारच्या आसनावरची थंडी

कॉव्हेंट्रीत जानेवारी महिन्यात सव्वाचारच्या सुमारासच अंधारून येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी परिचितांच्या घरून परतताना सिग्नलला गाडी थांबली. माझ्या पत्नीने हातमोजा काढला, मांडीवरचा कपडा उचलला आणि समोरची काच आतून पुसली. आधी माझ्या बाजूची, मग स्वतःच्या. तो कपडा म्हणजे तिच्या आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा होता. सिग्नल सुटला. पुढच्या चौकापर्यंत आम्हा दोघांच्या श्वासाने काच पुन्हा धुरकटली आणि तिने ती पुन्हा पुसली. अकरा हिवाळे ती हे करीत आली होती. मी ते त्या दिवशी प्रथमच पाहिले, असे म्हटले तर खोटे ठरेल. रोज पाहत होतो. अर्थ लागायला मात्र अकरा वर्षे गेली.

गाडी 1954 सालची मॉरिस मायनर. समोरची काच मध्यावर दुभागलेली, इंजिन 803 सीसीचे, शक्ती जेमतेम तीस अश्वशक्तीची. निवृत्त झालो त्या वर्षी मी ती विकत घेतली. त्यामागे बालपणीचे एक आकर्षण होते. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी हिचीच थोरली बहीण ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आपल्याकडे आणली होती आणि वाईला आमच्या आळीतल्या डॉक्टरांकडे ती होती. वाईच्या उन्हाळ्यात त्या गाडीला हीटर नाही, याचे दुःख कोणाला असणार! इथे येऊन तीच गोलसर आकृती पाहिली तेव्हा मनाने प्रथम डॉक्टरांचे अंगण पाहिले, इथला हिवाळा पाहिला नाही.

माझ्या गाडीत हीटर नव्हता, आणि याचा मला अभिमान होता. त्या काळी हीटरचे पैसे वेगळे मोजावे लागत आणि पहिल्या मालकाने ते मोजलेले नव्हते. 1948 सालच्या पहिल्या मायनरमध्ये तर पाणी ढकलणारा पंपच नसे; तापलेले पाणी वर चढे, निवलेले खाली उतरे, तेवढ्या मंद प्रवाहावर इंजिन थंड राही. त्या प्रवाहातून बैठकीसाठी ऊब मागणे व्यर्थ होते. माझ्या गाडीला पंप आहे. इंजिनाच्या माथ्यावर, मागच्या बाजूला, गरम पाण्याचा नळ बसवण्यासाठी कारखान्यानेच जागा ठेवली आहे आणि ती एका लहान पट्टीने झाकली आहे. म्हणजे उणीव रचनेत नव्हती. ती एका मालकाच्या काटकसरीतून आली आणि दुसऱ्या मालकाच्या निष्ठेमुळे टिकली. मेळाव्यात कोणी बॉनेट उघडून ती झाकलेली पट्टी पाहिली आणि ‘सगळे मूळचे आहे’ असे म्हटले की मला धन्य वाटे. त्या वेळी पत्नी गाडीत शाल गुंडाळून बसलेली असे. तिच्या बोटांना संधिवात आहे.

निष्ठा हा शब्द आपण फार सहज वापरतो. वाईजवळच्या आमच्या वाड्यात परसात चिरेबंदी विहीर होती. तिच्यावर विजेचा पंप बसवण्याची गोष्ट निघाली तेव्हा आजोबांनी ती मोडून काढली, कारण नळ नेण्यासाठी चिऱ्यांत भोक पाडावे लागणार होते. आजोबांचे विहिरीवर खरेच प्रेम होते, त्यात दंभ नव्हता. परंतु पोहऱ्याने पाणी शेंदत होती माझी काकू. विहिरीचे सौंदर्य जपण्याचा निर्णय एकाचा आणि त्याचे वजन दुसरीच्या खांद्यावर, ही विभागणी कोणाला खटकली नाही. काकूने स्वतःही कधी तक्रार केली नाही. जिला विचारले गेले नाही तिच्या मौनाला आपण संमती समजलो, आणि पुढे तिला सोशिक म्हणून गौरवलेही. त्या सिग्नलवर मला माझ्या जागी आजोबा दिसले.

हीटर बसवायचा हे ठरले, पण कोणता, हा प्रश्न सोपा नव्हता. मायनरला दोन प्रकारचे हीटर मिळत. जुना, वाटोळा, बैठकीतलीच हवा ओढून गरम करणारा. नंतरचा, साठच्या दशकातल्या गाड्यांमधला, बाहेरची हवा घेणारा. त्यासाठी पुढे रेडिएटरच्या शेजारून एक जाड नळी मागे आणावी लागते. पहिला माझ्या गाडीच्या काळाशी सुसंगत होता आणि तो बसवायला फारशी मोडतोड लागत नव्हती. पण तो माणसांच्या श्वासाने दमट झालेली तीच हवा पुनःपुन्हा फिरवतो. पाय शेकतात, काच धूसरच राहते. बाहेरची थंड हवा अंगावर बोचरी वाटली तरी तिच्यात बाष्प थोडे असते. ती तापवून काचेवर सोडली की काच निवळते. साडीच्या तुकड्याला विश्रांती द्यायची तर नंतरचाच हीटर हवा होता. आणि त्याच्या नळीसाठी इंजिन व बैठक यांमधल्या पत्र्याच्या आडभिंतीला वाटोळे छिद्र कापावे लागणार होते.

सहा आठवडे मी करवत उचलली नाही. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिसमध्ये एक सनद सिद्ध झाली. पुढे तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांसाठी तुरिन सनद आली. व्हेनिसच्या सनदेतला एक विचार मला मोलाचा वाटतो. हरवलेल्या भागाच्या जागी नवा भाग घालताना तो संपूर्ण रचनेशी जुळला पाहिजे, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे, म्हणजे पुढच्या पिढ्यांची दिशाभूल होत नाही. माझ्या गाडीत भाग हरवलेला नव्हता, तो कधी नव्हताच. तरीही या विचाराने मला धीर दिला, कारण त्यात बदलाला मनाई नाही, लपवाछपवीला आहे.

दुसरा धीर दिला तो गाडीच्याच बॉनेटने. कोणत्याही मायनरचे बॉनेट पाहा, त्याच्या मध्यावरून एक उंचट सपाट पट्टी गेलेली दिसेल. ऑक्सफर्डजवळच्या काऊली येथे अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ही गाडी रचली, तेव्हा उत्पादन जवळ येऊनही तिची रुंदी त्यांना खटकत होती. त्यांनी नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली, दोन्ही अर्धे दूर सारून पाहिले आणि डोळ्यांना पटले तिथे थांबले. चार इंच वाढले. बंपर तोवर तयार होऊन पडले होते. तेही मधोमध कापून मध्ये जोड घातला गेला. सुरुवातीच्या गाड्यांवर तो जोड उघड दिसतो. जिला जन्माआधीच करवत लागली, तिच्या पत्र्यातल्या एका छिद्रासाठी मी सहा आठवडे शुचितेचा विचार करीत बसलो होतो! अर्थात निर्मात्याचा अधिकार आणि मालकाचा अधिकार एक नव्हे, हे मला मान्य आहे. इसिगोनिस चुकले असते तर पुन्हा कापू शकत होते. माझ्याकडे गाडी एकच होती.

छिद्र कापले. कडा कानशीने घासून त्यांना गंजरोधक रंग दिला. इंजिनाच्या माथ्यावरची पट्टी काढून नळ बसवला, परतीची नळी रेडिएटरच्या खालच्या नळीला जोडली, 74 अंशांचा थर्मोस्टॅट काढून हिवाळ्यासाठी 88 अंशांचा घातला. हीटरच्या जाळीत साचलेला गाळ तीनदा पाणी उलटे सोडल्यावर निघाला. जुनी मोटार जळालेली होती, म्हणून नंतरच्या काळातल्या दुसऱ्या एका गाडीची मोटार मिळवली. सगळे जोडून इंजिन तापवले, कळ दाबली. पंखा व्यवस्थित घरघरला आणि काचेपाशी हवेची नुसती झुळूक आली.

दोन दिवस मी नळ्यांत अडकलेल्या हवेचा संशय घेत राहिलो. अखेर मोटार बाहेर काढून पंख्याच्या एका पात्यावर खडूची खूण केली, आणि पंखा थांबत आला तेव्हा ती खूण कोणत्या दिशेने जाते ते पाहिले. पंखा उलटा फिरत होता. माझ्या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले आहे. नंतरच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. जुन्या पद्धतीच्या मोटारीला यात फरक पडला नसता, पण या मोटारीत स्थायी चुंबक होते आणि विजेची दिशा बदलली की ती उलटी फिरे. हवा परिघाकडे फेकणारा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच वाटेने येते, फक्त तिचा जोर जातो. म्हणूनच दोष चटकन उमगला नाही. दोन काळांच्या विसंवादाचा मोठा दृष्टांत यातून काढण्याचा मोह होतो. वस्तुतः दोन तारांची अदलाबदल करायची होती, ती केली.

अकरा वर्षे मी ज्याला जतन म्हणत होतो त्यात जतन करणारा मी होतो आणि सोसणारी ती, हे आता मला स्वच्छ दिसते. वस्तूशी असलेले कर्तव्य खोटे नाही. ज्यांनी ती घडवली आणि ज्यांच्या हाती ती पुढे जाईल, त्या सर्वांचे आपण देणे लागतो. परंतु ते देणे स्वतःच्या अंगावर फेडावे. स्वतःच्या थंडीवर मी मूळपणा जपला असता तर त्याला व्रत म्हणता आले असते. दुसऱ्याच्या बोटांवर जपला, म्हणून त्याला तो मान देता येत नाही. गतवर्षी एका मेळाव्यात एका जाणत्या गृहस्थांनी बॉनेटखाली वाकून ती जाड नळी पाहिली आणि ‘ही या सालची नव्हे’ असे सांगितले. मी म्हटले, ‘बरोबर आहे.’

गाडीच्या वहीत सर्व नोंदले आहे: छिद्र कोठे आहे, त्याचा व्यास किती, कोणत्या तारा बदलल्या, हीटर काढायचा झाल्यास कोणता पाना लागेल. कापलेली पत्र्याची चकती तेल लावून, कागदात गुंडाळून, पहिल्या थर्मोस्टॅटसह डब्यात ठेवली आहे. डब्यावर साल लिहिले आहे. हीटर काही आजच्या गाड्यांसारखा नाही. पाय शेकायला दहा मिनिटे लागतात आणि भर पावसात काच कडेने अजूनही धुरकटते. त्यामुळे साडीचा तुकडा आसनापुढच्या फळीवर आहेच. सिग्नलला माझ्या बाजूची काच आता मी पुसतो.